नागोजीची कपबशी

सत्याप्पाच्या हॉटेलात नागोजी फिटरची स्वतःची कपबशी होती. आमच्या केलगेरी रोडच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण नागोजी ते कुणाला विसरूच देत नसे. बाकीच्या गिऱ्हाइकांना चहा यायचा जाड काचेच्या ग्लासातून, वर आणणाऱ्याच्या बोटांचे ठसे फुकट. नागोजीला चिनी मातीची पांढरीशुभ्र कपबशी, काठाला निळी वेल. बाकीचे बाकावर कोपराला कोपर लावून बसायचे. नागोजीला दाराशेजारी वाऱ्याला वेताची खुर्ची. इतरांना इडली-वडा स्टीलच्या ताटलीत, ह्याला केळीच्या पानावर. गल्लीतल्या बायका पाठीमागे त्याला संस्थानिक म्हणत. शेजारची शेवंताक्का तर तोंडावर विचारायची, की आज दरबार किती वाजता भरणार. नागोजी रागवायचा नाही. मिशीतल्या मिशीत हसायचा आणि इस्त्रीचा शर्ट चढवून निघायचा.

त्याला मिरवू द्यावं असंच होतं म्हणा. नागोजी आणि सत्याप्पा दोघे अळणावरकडच्या एकाच खेड्यातले. सत्याप्पाचं घर शेतकऱ्याचं, नागोजीचा बाप गावची महारकी करणारा. गावातल्या चहाच्या टपरीवर बापाला चहा मिळायचा तो करवंटीत, तोही हातभर उंचीवरून ओतलेला. ती काळी, कडा तुटलेली करवंटी टपरीच्या मागं कुडात खोचलेली असायची, आणि पिऊन झाली की बापानंच ती धुऊन परत खोचायची. नागोजीनं हे लहानपणी रोज पाहिलं. पण रानात गुरं राखताना सत्याप्पा त्याच्याच फडक्यातली भाकरी खायचा, निम्मी मोडून, वर चटणी जास्त मागून. पुढं नागोजीच्या घरानं बुद्धधम्म घेतला, नागोजी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर झाला, धारवाडात बिऱ्हाड केलं आणि गाव मागं पडलं. राहिला तो एक सत्याप्पा.

चौऱ्याहत्तर साली सत्याप्पानं धारवाडात येऊन हॉटेल काढलं, तेव्हा डोशाच्या तव्याची लोखंडी चौकट, भट्टीची जाळी आणि चहाच्या बॉयलरची चाकाची गाडी, सगळं नागोजीनं सुट्टीचे दिवस घालवून केलं. उद्घाटनाला सत्याप्पानं ती निळ्या वेलीची कपबशी सगळ्यांदेखत वर धरली आणि वेटर भरमाला बजावलं, ''ही नागूची. दुसऱ्या कुणाला हिच्यातनं चहा दिलास तर हात मोडीन तुझा.'' लोक हसले. नागोजीचे डोळे भरून आले. एवढ्या एका वाक्यावर त्यानं पाच वर्षं काढली. बॉयलर बिघडला की सांगावा येण्याआधी पाना घेऊन हजर.

एकोणऐंशीत त्याची मुलगी मथुरा एसएसएलसी पास झाली, फर्स्ट क्लासात. नागोजीनं जाहीर केलं, की रविवारी बायको-मुलीला सत्याप्पाकडे डोसा. बायको कौसल्या त्या दिवसापर्यंत हॉटेलात कधी बसली नव्हती. हॉटेलचं म्हणजे तिला कागदात बांधून आणलेली भजी एवढंच माहीत. तिनं ठेवणीतलं इरकल काढलं, पदर चारदा सारखा केला, आणि निघताना शेवंताक्काला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की तिथं हात धुवायला वेगळी मोरी असते का.

सत्याप्पा गल्ला सोडून पुढं आला. वहिनी वहिनी करत त्यानं मथुराच्या डोक्यावरून हात फिरवला. कौसल्याला हॉटेलची रीत कुठं ठाऊक? तिला पंख्याखाली रिकामा बाक दिसला, ती जाऊन बसली, मथुराला शेजारी ओढलं. सत्याप्पाचा चेहरा जरा ओढला गेला. तो म्हणाला, इथं गर्दीत कशाला, मागं परसात छान सावली आहे, चटई टाकून देतो. कौसल्या म्हणाली, पंखा बरा आहे. मग तो म्हणाला, त्यापेक्षा बांधूनच देतो, घरी निवांत खावा. नागोजी हसत म्हणाला, अरे बाबा, बसून खायलाच तर आलोय.

भरमानं तीन केळीची पानं आणली. डोसे आले. मग चहा आला, एकच, निळ्या वेलीच्या कपबशीत. कौसल्यानं वाट पाहिली. समोर फळीवर धुतलेले ग्लास दोन रांगांत पालथे घातलेले होते, अजून पाणी निथळत होतं.

''त्यातले दोन द्या की, अण्णा,'' ती भरमाला म्हणाली.

भरमानं मालकाकडे पाहिलं. मालकानं रस्त्याकडे. ''ग्लास कमी हाईत आज, वहिनी,'' सत्याप्पा म्हणाला.

पलीकडच्या बाकावरचा एक म्हातारा आपली ताटली उचलून उभा राहिला आणि दाराबाहेर जाऊन खाऊ लागला. कौसल्यानं ते पाहिलं. मग तिनं नवऱ्याला हळूच विचारलं, ''अहो, तुमची कपबशी धुतात कुठं?''

पाच वर्षांत हा प्रश्न नागोजीला पडलाच नव्हता. संस्थानिकाला कसा पडणार? तो उठला आणि आपल्या हातची जाळी असलेल्या त्या भट्टीकडे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे निघाला.

''नागू, आत नको,'' सत्याप्पा म्हणाला. ओरडून नव्हे. जिभेला सवय असावी तसं पटकन निघून गेलं.

नागोजी थांबला. भट्टीची जाळी त्यानं परसात ठोकली होती, बसवली होती भरमानं. बॉयलर दर वेळी गाडीवरून ढकलत बाहेर यायचा. आत धग आहे रे, तू वाऱ्याला बस, असं सत्याप्पा म्हणायचा आणि नागोजी त्याच्या मायेनं विरघळायचा. तो वळसा घालून परसात गेला. गटाराच्या वरच्या भिंतीत, ग्लास धुण्याच्या पिंपापासून लांब, एक कोनाडा होता. त्यात फक्त एक चिंधी, राखेची वाटी आणि एका कपबशीपुरती रिकामी जागा. बापाची करवंटी त्यानं शंभर पावलांवरून ओळखली असती. पण ती स्वच्छ, सुबक, बशीसकट येईल, आणि वर चार लोकांदेखत मान देऊन येईल, हे त्याच्या बापानंही कधी पाहिलं नव्हतं.

सत्याप्पा मागोमाग आला. त्याचंच काही हरवल्यासारखा चेहरा.

''माझ्या मनात काय न्हाई, नागू. गिऱ्हाईक सुटतंय, बा. म्हणून तर चांगल्यातली आणली. हुबळीला जाऊन, तुझ्यासाठी निवडून. दुसऱ्या कुणी आणली असती?''

''रानात माझी भाकरी खात होतास.''

''तवा कोण बघत होतं?'' सत्याप्पा म्हणाला.

नागोजी पुढच्या दारी आला. कौसल्या आणि मथुरा आधीच रस्त्यावर उभ्या होत्या. पानांवर डोसे तसेच.

गल्लीला मात्र ह्या प्रकाराचं काही नवल वाटलं नाही, आणि नागोजीला ते जास्त लागलं. त्यानं शेवंताक्काला विचारलं, तुला माहीत होतं? ती शेंगा फोडता फोडता म्हणाली, की हो, सगळ्यांनाच होतं. आम्हाला वाटलं, तुलाही ठाऊक आहे आणि तू चालवून घेतोयस. म्हणजे इतके दिवस दरबाराची जी थट्टा चालली होती, तिचा अर्थ एकट्या दरबारवाल्यालाच कळला नव्हता. त्या दिवसापासून तो गल्लीतून मान खाली घालून जायला लागला. सत्याप्पानं बॉयलरसाठी दोनदा माणूस धाडला. नागोजी घरात असूनही गेला नाही.

पुढच्या महिन्यात त्यानं दोघींना हुबळीला नेलं. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात मधल्या बाकावर बसवलं. वेटरनं त्यांच्याकडे न बघताच तीन ताटल्या आपटल्या, तीन ग्लास आदळले, निम्मा चहा टेबलावर सांडला आणि तो निघून गेला. कौसल्याला डोसा फार आवडला. तिनं चटणी दोनदा मागून घेतली. मथुरानं विचारलं, ''अप्पा, इथं तुमच्या वळखीचं कोण हाय?''

''कुणी न्हाई. म्हणून तर आलो.''

वेटर ग्लास उचलून घेऊन गेला. नागोजी मान वळवून बघत राहिला. ते तिन्ही ग्लास सगळ्यांच्या ग्लासांबरोबर एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात बुडेपर्यंत त्यानं नजर काढली नाही. मग तो ताटलीकडे वळला. डोसा गार झाला होता. त्यानं तो पोरीच्या ताटलीत सरकवला.