सात वाव दोर

शिडाच्या बोटींवर दोर चढवणारा हा माणूस अडतीस वर्षं एकाच धक्क्यावर काम करत होता, आणि टेप म्हणून त्यानं कधी खिशात ठेवली नाही. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे सहा फूट. कोणत्या शिडाला किती वाव दोर, सगळं तोंडपाठ. कुणी टेप पुढे केलीच तर म्हणायचा, "ती द्या शिंप्याला." आणि शिंपी तर घरातच होता! शिडं त्याची बायको शिवायची. त्यानं कापलेल्या दोरांची टोकं उसवू नयेत म्हणून दोऱ्यानं बांधायची, तेही काम तिचंच.

त्या आठवड्यात बहिणीचं ऑपरेशन म्हणून ती तिकडे गेलेली. इकडे डॉक्टरीणबाईंची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी लांबच्या सफरीला निघायची होती, नवराबायको दोघंच. डोलकाठीच्या पुढे एक छोटं शीड असतं, स्टेसेल म्हणतात त्याला. वारा पिसाळला की मोठी शिडं गुंडाळायची आणि याच्या जिवावर बोट हाकायची. त्याच्या कोपऱ्याला दोन दोर असतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, कप्पीतून मागे बसणाऱ्याच्या हातापर्यंत येतात. शीड बायकोनं जाण्याआधी शिवून ठेवलं होतं. दोर यानं कापले, टोकंही या वेळी स्वतःच बांधली आणि चढवले. सात सात वाव.

चाचणीला म्हणून तिघांनी बंदरातल्या बंदरात एक फेरी मारली. बोट वळवली, शीड पलीकडच्या बाजूला गेलं, आणि सैल सोडलेला दोर डॉक्टरीणबाईंच्या हातातून सर्रकन निसटला. टोकाची गाठ कप्पीत जाऊन अडकली, शीड अर्ध्यातच ताणून राहिलं आणि बोट अशी कलली की बाईंचे यजमान दोन्ही हातांनी कठड्याला लटकले. "काका, अहो हे काय!" बाई किंचाळल्या. याच्या तोंडचं पाणी पळालं. भर समुद्रात, वादळात हे झालं असतं तर?

दोर पुरला नव्हता हे उघड होतं, आणि का, याचं उत्तर धक्क्याला लागेपर्यंत त्याला सापडलंसुद्धा. दोर चुकणं शक्यच नाही, म्हणजे शीड चुकलं. बायको नेमकी तेव्हाच बसमधून उतरून, पिशवी हातात घेऊन थेट तिथे आलेली. चार बोटवाल्यांदेखत तो तिच्यावर खेकसला, "अगं, कोपरा कुठे नेऊन ठेवलास? डोळे आहेत की बटणं?"

तिनं दोराकडे पाहिलं, मग त्याच्या उजव्या हाताकडे. "चुकलं माझं," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देते."

तो चाटच पडला. आमटीत मीठ कमी पडलं तरी भांडल्याशिवाय कबूल न करणारी ही बाई! डॉक्टरीणबाईंनी मात्र तोंडावर सांगितलं, "काकू, आमचे जीव गेले असते. यापुढे तुमच्याकडे शीड टाकणं नको बाई." बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

कामाच्या खोलीत येऊन त्यानं शीड जमिनीवर पसरलं, तिच्या कागदी नमुन्यावर टाकलं. सूतभर फरक नाही! ती आत चहा टाकत होती. नमुनाच चुकीचा असेल म्हणून तो दुसरा शोधायला फळीखाली वाकला, तर चिंध्यांच्या मागे एक पोतं लागलं. आत दोर, नवेकोरे. प्रत्येकाला कापडाची चिठ्ठी, चिठ्ठीवर बोटीचं नाव, अक्षर बायकोचं. मोजले, बावीस निघाले. म्हणजे अकरा बोटी. अहो, या बोटी तर त्यानं कापलेल्या दोरांवरच समुद्रात गेल्या होत्या! मग हे दोर इथे काय करतायत?

एक उचलून त्यानं हात पसरून मोजला. बरोब्बर सात वाव. दुसरा मोजला. सात. मग बायकोची टेप उचलून दोराशेजारी लावली. सात वाव म्हणजे बेचाळीस फूट भरायला हवेत. अडीच फूट कमी. छे, टेपच खोटी असेल! दुसरा दोर लावला. तोही अडीच फूट कमी. खिडकीच्या काचेसमोर उभं राहून त्यानं दोन्ही हात पसरले. डावा सरळ गेला. उजवाही सरळच गेलाय असं त्याला अगदी शपथेवर वाटत होतं, पण काचेतला उजवा हात कोपरात मुडपलेलाच राहिला होता.

"आठ महिने झाले," मागून आवाज आला. ती कप घेऊन दारात उभी होती. "जिन्यावरून पडलात ना, तेव्हापासून."

"आणि तू?"

"टोकं बांधायला दोर माझ्याकडेच येतात. मोजायची, आखूड निघाला की नवा कापायची. या खेपेला मी नव्हते."

"म्हणून दोराची रिळं लवकर संपायची! त्या दुकानदाराला मी चोर म्हणालो गं!" तो मटकन स्टुलावर बसला. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून दोराला हात लावला नसता तुम्ही. ओळखत नाही का मी? आणि मला काय, शिवणारीला ठेवली नावं तर ठेवू देत."

"अगं, पण बोटीत माणसं असतात!"

"म्हणून तर आठ महिने डोळ्यांत तेल घालून मोजतेय," ती म्हणाली आणि तिनं कप फळीवर ठेवला.

त्याला लाज वाटली, राग आला, आणि दोन्ही गिळून तो चप्पल न घालताच बाहेर पडला. ती "अहो, थांबा, कुठे चाललात" करत मागे धावली.

बोटवाले अजून धक्क्यावरच होते. डॉक्टरीणबाईंसमोर उभं राहून त्यानं हात पसरले. "नीट बघा, माझा हात एवढाच उघडतो आता. शीड बरोबर आहे. दोर मी आखूड कापले आणि बोलणी हिला खायला लावली."

मागून एका बोटवाल्यानं चाचरत विचारलं, "मग आमचे दोर कुणी कापले होते?"

"हिनं. आठ महिन्यांत इथून जे जे सुखरूप गेलात, ते हिच्या दोरांवर गेलात."

डॉक्टरीणबाईंचा हात तोंडावर गेला होता. तो बायकोकडे वळला. "बाईंना सकाळी निघायचंय. नवे कापायला घे. तू मोज, मी टोक धरतो."

तिनं डोळे पुसले आणि टेपचं टोक त्याच्या डाव्या हातात दिलं.