हारासाठी थांबलेला आवाज

१४ मे, लातूर. भाचीच्या लग्नाच्या अक्षता रंगवत होते. माझा भाऊ, म्हणजे नवरीचा बाप, पाय प्लॅस्टरमध्ये घालून कार्यालयाच्या खालच्या खोलीत पडद्यावर लग्न बघणार होता. चाचणीत आवाज आधी आला, चित्र मागून.

भाऊ भडकला. "म्हंजे हार पडायच्या आत माझ्या अक्षता पडणार?"

उदगीरहून आलेली कॅमेरेवाली कॅमेऱ्यापुढे टाळी वाजवायची, पडदा बघायची, लॅपटॉपवरून आवाज-चित्र पडद्यावर पाठवणाऱ्या यंत्रातल्या चिपचा प्रोग्राम बदलायची. पुन्हा टाळी.

"नवी चिप लागंल का गं?"

"न्हाई मावशी. हिलाच शिकवायलेय, आवाजाला चित्रासाठी थांबवायला."

न चिडता चूक शोधणारी माणसं मला आवडतात.

१५ मे. सकाळी मुहूर्ताला मी भावाजवळ उभी राहिले. शेवटचं 'सावधान' झालं आणि त्याच्या अक्षता पडद्यावरच्या हारावरच पडल्या. मी तिच्यासारखी एक टाळी वाजवली.