शकुनवहिनींनी सोडलेलं दूध

शकुनवहिनींना, म्हणजे माझ्या दिगंबरदादाच्या बायकोला, दुधाचं भारी वेड. साताऱ्याहून लग्न होऊन कलकत्त्यात आमच्या भवानीपूरच्या घरात आल्या तेव्हा मी शाळेत होते. दुपारी सगळे निजले की त्या सायीचं पातेलं खरवडायच्या, आणि मी दिसले की बोट ओठांवर ठेवून अर्धी साय माझ्यापुढे धरायच्या. मी पळून जायची. दुधाच्या नुसत्या वासाचीही मला शिसारी.

दादा बजबजच्या तेलाच्या डेपोत होता. रोज सियालदहहून गाडीने जायचा आणि संध्याकाळी तेलकट वास घेऊन परत यायचा. छप्पन साली तो कामावरच छातीत कळ येऊन गेला. वर्षश्राद्धाला आम्ही गयेला गेलो. कलकत्त्याच्या माणसाला गया म्हणजे एका रात्रीचा प्रवास, त्यामुळे आमच्याकडे कुणाचंच गयेवाचून अडत नाही.

तिथे वडाखाली, गेलेल्या माणसाच्या नावाने, आवडीची एक खायची वस्तू कायमची सोडायची असते. लोक हुशार असतात. कुणी कारलं सोडतं, कुणी फणस. आमच्या एका मावशींनी सुरण सोडला होता, जो त्यांच्या घरात कधी शिजतच नव्हता. आमच्या वहिनींनी मात्र दूध सोडलं. दूध, दही, ताक, सगळं एका झटक्यात. मी तिथेच चिडले.

“वहिनी, त्याने दादा परत येणार आहे का?”

“आवडतंच सोडायचं असतं, वन्सं. नाहीतर सोडलं कशाला म्हणायचं?”

पुढे सतरा वर्षं त्यांनी दुधाला स्पर्श केला तो फक्त तापवण्यापुरता. त्यात विधवा म्हणून एकवेळ जेवण, आठवड्याचे उपास, मासे-अंड्याचं नाव नाही, आणि दिवसभर मागच्या खोलीत, जिथे ऊन म्हणून कधी येतच नाही. हळूहळू त्यांना वाक आला. फळीवरचा पोह्यांचा डबा त्या पूर्वी सहज काढायच्या, आता टाचा उंचावूनही हात पोचेना. मी चिडवायची, “वहिनी, तुम्ही खुज्या झालात!” त्याही हसायच्या. बसताना तोल जाऊन मनगट मोडलं तेव्हा प्लास्टर घातलं आणि विसरून गेलो. म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडायचंच, त्यात काय विचारायचं, असं आम्हा शहाण्यांना वाटलं.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात एका सकाळी त्या नळाखालची बादली उचलून वळल्या आणि कोसळल्या. बादली अर्धीच भरली होती. फरशी कोरडी होती. मी धावले तर उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं होतं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

इस्पितळातले डॉक्टर बंगाली, तरुण, सरळ बोलणारे, वहिनींना माशिमा म्हणजे मावशी म्हणणारे. त्यांनी हाडाचा फोटो उजेडाला धरला. “माशिमा पडल्या म्हणून खुब्याचं हाड मोडलं असंच नाही. कदाचित हाड मोडलं म्हणून त्या पडल्या. पाळी गेल्यावर बायकांची हाडं विरळ होऊ लागतात. त्यात चांगलं खाणं नाही, ऊन नाही, चालणं नाही. मनगट मोडलं तेव्हाच कुणीतरी सावध करायला हवं होतं.”

“खिळा ठोकून जोडता येईल ना?” दादाच्या मुलाने, विजयने विचारलं. तो एस्प्लनेडच्या एका ऑफिसात नोकरीला होता आणि तसाच तिथून धावत आला होता.

“खिळा धरायला हाड लागतं. हे हाड भिजल्या बिस्किटासारखं झालंय. शिवाय हृदय अशक्त आहे, भूल देण्यात धोका आहे. पायाला वजन लावू. थोडी ताकद आली तर बघू. पण पडून राहणं हाच खरा शत्रू. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो.”

घरी पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या, पायाला दोरी बांधून वजन टांगलं. कॅल्शियमच्या गोळ्या आल्या, ड जीवनसत्त्वाचे थेंब आले, दर तीन आठवड्यांनी टोचायचं इंजेक्शन आलं. “याने हाड परत पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण अंगात अन्न गेलं नाही तर औषध बिचारं काय करणार? मासे नाहीत, अंडं नाही. निदान दूध तरी द्या.”

वहिनींनी मान फिरवली.

वहिनींचं एकच मागणं होतं. स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जायचं. ज्या बाईने चाळीस वर्षं आपला पदर खांद्यावरून ढळू दिला नाही, तिच्याखाली मी भांडं सरकवायची आणि ती भिंतीकडे बघत रडायची. “वन्सं, एवढं एक करा. मला उभी करा. मग मेले तरी चालेल.” पाठीला लाल डाग पडले, मग ते फुटले. मी कूस बदलायची, पावडर लावायची, देवाला शिव्या घालायची. विजय हात जोडून म्हणायचा, “आई, दूध घे गं.” त्या त्याच्याकडे पाहायच्यासुद्धा नाहीत.

शेवटी मी दादाच्या फोटोपुढे जाऊन मोठ्याने म्हणाले, “दादा, तू माझाही होतास. वहिनींचा नेम मी घेते. आजपासून दूध मी सोडलं, त्या मोकळ्या झाल्या.”

पलंगावरून हसू आलं. किती दिवसांनी!

“वन्सं, माझ्याशीच लबाडी? तुम्हाला दुधाची शिसारी आहे, हे मला ठाऊक नाही का? मावशींचा सुरण तो.”

मी खाली बसले. त्यांचं खरं होतं. मला रडू आवरेना. “मग मी काय करू हो? काय केलं की तुम्ही प्याल?”

त्यांनी हाताने मला जवळ बोलावलं.

“आवडतं सोडणं काही मोठं नाही,” त्या म्हणाल्या. “ते मी केलंय, मला माहीत आहे. नावडतं घेऊन दाखवा. तुम्ही रोज पेला भरून प्यायलात, तर मीही पिते. तुमच्या दादांना काय सांगायचं ते मी सांगेन.”

सरकारी बूथवरून आणलेलं बाटलीतलं दूध मी तापवलं. दोन पेले भरले. नाक दाबून, डोळे मिटून मी माझा संपवला आणि पदराने तोंड पुसलं. मग त्यांना आधार देऊन पेला ओठांना लावला. पहिला घोट त्यांनी तोंडात धरून ठेवला, मिटल्या डोळ्यांनी, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला ती दुपारची सायीची मुलगी दिसली. अर्धा पेला प्यायल्या. आता या उठतील असं मला वाटलं, देवाशपथ वाटलं.

तासाभरात सगळं उलटून पडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दोन चमचे दिले, तेही राहिले नाहीत. इतक्या वर्षांत पोटच दूध विसरलं होतं.

“मी दुधाला सोडलं होतं,” त्या पुटपुटल्या, “आता त्याने मला सोडलं.”

“वहिनी, असं नका हो बोलू.”

“तुम्ही मात्र पीत राहा. करार झालाय आपला.”

त्याच आठवड्यात छातीत कफ भरला. पौषात त्या गेल्या. उभ्या राहिल्या नाहीत. त्यांना जिन्यावरून खाली नेताना चौघांनी उचललं, आणि विजय म्हणाला, “आत्या, आईचं काही वजनच नाही गं.”

आता माझंही वय झालं. परवा फळीवरचा तोच पोह्यांचा डबा काढायला गेले, तर टाचा उंचावूनही बोटं नुसती फळीच्या कडेला लागली. मी हात खाली घेतला, स्वयंपाकघरात जाऊन दूध तापवलं, नाक दाबलं आणि पेला रिकामा केला. मग पदराने तोंड पुसून ऊन असेतो गच्चीवर चालत राहिले. अजूनही शिसारी येते.