कामेहामेहा म्हणणारा बाळा मेतर

तारकर्लीच्या बाळा मेतराची तरुणपणची वर्षं मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात गेली. होनोलुलू बंदरात त्याने एका राजाचा पुतळा पाहिला. हातात भाला, अंगावर सोनेरी झगा. या राजाने लढून लढून हवाईची बेटं एक केली, शत्रूचे सैनिक कड्यावरून खाली लोटले, असं तिथल्या एका हमालाने सांगितलं. नाव म्हणायलाही त्यानेच शिकवलं.

गावी परतल्यावर बाळाने होडी घेतली आणि तिच्यावर ते नाव रंगवलं: कामेहामेहा. लोक कामयामया म्हणत, काममेहा म्हणत. बाळा चिडायचा. "अरे, मेहा दोनदा! का-मेहा-मेहा. राजा तो, त्याचा नाव मोडू नकात!"

गेल्या हंगामात परजिल्ह्यातला एक ट्रॉलर किनाऱ्याला खेटून आला आणि गावाची जाळी फाडत गेला. पाच-सहा होड्यांनी त्याला घेरलं. दगड सुटले, बाटल्या फुटल्या. बाळा ट्रॉलरवर चढत असताना शंकर नावाच्या खलाशाने त्याच्या डोक्यात बांबू घातला. बांबू उभा चिरला. बाळा आपल्याच होडीत कोसळला, कानातून रक्त येऊ लागलं.

गावाने ट्रॉलर ओढून किनाऱ्याला लावला. शंकरला वाळूत पाडून लाथा सुरू झाल्या. बाळाचा चुलतभाऊ निलेश कोयता घेऊन आला.

बाळा होडीतून कसाबसा उतरला आणि शंकरच्या अंगावर आडवा पडला.

"बाजूक हो!" निलेश ओरडला. "तुका मारल्यान ना रे ह्यान?"

"त्या राजाकय कोळ्यान वल्ह्यान मारलेलो," बाळा धापा टाकत म्हणाला. "डोक्यात. वल्हा फुटला. मगे कोळी सापडलो, तरी राजान त्याका सोडल्यान. म्हणालो, चाल मियाच केलंय, तो आपल्या माणसांका वाचवी होतो."

"खड्ड्यात गेलो तुझो राजा!"

निलेशने बाळाच्या बरगडीत लाथ घालून त्याला बाजूला केलं आणि कोयता चालवला. शंकरचा उजवा पंजा मनगटापासून लोंबू लागला. किंकाळी ऐकून लाथा मारणारेसुद्धा मागे सरले. बाळाने आपला सदरा फाडून ते मनगट आवळलं आणि तिथेच त्याची शुद्ध हरपली.

डोक्याच्या माराने बाळाची वाचा गेली. हळूहळू शब्द परतले, पण तुटके. सावित्री, त्याची बायको, सकाळ-संध्याकाळ समोर बसून त्याच्याकडून बोलून घ्यायची. एकदा त्याने होडीचं नाव घ्यायला तोंड उघडलं. "का... मे..." पुढे काही येईना. त्याने हातातला पेला भिंतीवर फेकला. सावित्रीने काचा गोळा केल्या. "उद्या म्हण," एवढंच ती म्हणाली.

शंकरचा पंजा गेला. निलेशवर खटला उभा राहिला. किनाऱ्यावर शंकरनेच आधी निलेशवर वार केला, पंजा झटापटीत तुटला, अशी साक्ष बाळाने द्यावी, असा गावाचा आग्रह होता. निलेशची आई दारात येऊन रडली. "घरातलो माणूस आसा रे तो."

कोर्टात वकिलाने विचारलं, पंजा कोणी तोडला?

बाळाने तोंड उघडलं, पण शब्द येईना. न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितलं. तो प्यायला नाही.

"नि... लेश," तो म्हणाला. "खाली... पडलेल्या... माणसावर. मी... पाहिलं."

बाहेर निलेशची आई त्याच्या पायाजवळ थुंकली. सावित्रीने बाळाचा दंड धरला आणि दोघं घरी जायला मालवणच्या एसटीत चढली.