लोकांची दवंडी

भोर-वेल्ह्याच्या मुलखात सरकारला खरं बोलायची सवय लावण्याचा उद्योग ज्यांनी जवळजवळ एकट्याने केला, त्या आमच्या दवंडीवाल्या बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं निम्मं आयुष्य डोंगरमाथ्यावर मेंढरांमागे गेलेलं. या कड्यावरून त्या कड्यावरच्या माणसाला हाक मारता मारता त्यांचा गळा असा तयार झाला होता, की त्यांनी बाजारात तोंड उघडलं की दोन कोस लांबच्या मार्गासनीच्या बायका चुलीवरचं भांडं उतरवून कान देत, असं लोक सांगत. हे थोडं वाढवून सांगितलेलं आहे, पण फार नाही. संस्थान विलीन झालं, आमच्या भागात नवी कचेरी आली, आणि कचेरीने हा गळा दवंडीसाठी धरला. मी तिथे कारकून होतो. मजकूर मी लिहायचा, वाचून दाखवायचा, आणि बाबांनी तो पाठ करून बाजारभर द्यायचा, अशी आमची जोडी. डफ त्यांना पसंत नव्हता. रॉकेलचा रिकामा डबा गळ्यात अडकवून ते तो काठीने बडवत. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. भाऊसाहेब, तुमच्या धोतराचा सोगा सुटलाय, असं त्यांनी एकदा माझ्या कानात सांगितलं, तेव्हा समोरच्या हॉटेलातली चार माणसं चहा टाकून बघायला बाहेर आली.

त्यांची पहिली खोड अशी, की मजकूर ऐकून घेतल्यावर ते कचेरीच्या खिडकीशी तसेच उभे राहत आणि विचारत, "भाऊसाहेब, हे खरं हाय का?" सरकारी कागदाला असा प्रश्न विचारायचा असतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. देवीची लस टोचून घ्यावी, अशी दवंडी आली तेव्हा माझ्या 'हो'वर त्यांचं समाधान झालं नाही. आधी स्वतः जाऊन टोचून घेतली, आठ दिवस वाट पाहिली, मग दंडावरची खपली उघडी टाकून बाजारभर हिंडले. म्या टोचली, मेलो न्हाई, आता तुमी जावा, एवढीच त्यांची दवंडी. कचेरीच्या साहेबांनी सांगून माझ्याकडून लिहून घेतलेली बारा वाक्यं तशीच राहिली, पण त्या वर्षी टोचायला रांग लागली.

दुसरी खोड जास्त अवघड होती. सरकारची दवंडी संपली की ते डबा पुन्हा बडवत आणि म्हणत, आता लोकांची दवंडी ऐका. त्यांचा हिशेब सरळ होता. संस्थानाच्या वेळी दवंडी वरून खाली यायची. आता राज्य आपलं, तर ती खालून वरही गेली पाहिजे. मग कुणाच्या अर्जाचं उत्तर किती महिने आलं नाही, कुठल्या विहिरीचं पाणी पिवळं झालं, ते सगळं कचेरीकडे तोंड करून निघे. एका वाडीवरचे मास्तर महिनाभर शाळेकडे फिरकले नव्हते. बाबांनी दवंडी दिली, की शाळेचं मास्तर हरवलंय, कुणाला सापडलं तर कचेरीत जमा करावं. मास्तर पुढच्याच सोमवारी आपणहून सापडले. साहेब चिडत, पण कायद्यात कुठे बोट ठेवावं ते त्यांना कळेना, आणि खरं सांगायचं तर दवंडी तासाभरात खोऱ्यात पोचवणारा दुसरा गळाही नव्हता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते सांगतो. ओढ्यापलीकडच्या वाडीला साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता पूल, मंजूर झाला होता. मागच्या पावसाळ्यात एक अडलेली बाई झोळीत घालून लोक काठावर दिवसभर पाणी उतरायची वाट बघत बसले होते. त्यानंतर अर्ज गेले आणि साकव मिळाला. उन्हाळा संपत आला तेव्हा साहेबांनी माझ्यापुढे मजकूर टाकला, की साकव बांधून पूर्ण झाला असून लोकांनी त्याचा वापर करावा. मी आदल्याच रविवारी त्या ओढ्यातून चपला हातात घेऊन आलो होतो. तिथे दगडांचे दोन ढीग होते आणि त्यांवर शेळ्या बसल्या होत्या. तरी मी मजकूर सुवाच्य अक्षरात लिहिला. बाबा खिडकीशी आले, ऐकून घेतलं, आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी मितभाषी माणूस. कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं, "नाही बाबा. साकव कागदावर आहे. पुरा झाल्याचा दाखला शिक्क्यासकट आत पडलाय." बाबांनी डबा गळ्यात अडकवला. मग बाजारात जाऊन दवंडी दिली: साकव बांधून झाला असं सरकार सांगतंय, शिक्क्याचा दाखला कचेरीत हाय, ज्याला साकव दिसल त्येनं आमालाबी दाखवावा.

त्या संध्याकाळीच त्यांचं काम गेलं. पुढच्या बाजाराला हुकूम लागला, की पाच किंवा अधिक इसमांनी कचेरीसमोर जमू नये. बाबा आले ते चार माणसं आणि पाऊणशे मेंढरं घेऊन. फौजदार अडवायला गेले तेव्हा बाबांनी अगदी गरिबीने विचारलं, "कागदात इसम लिवलंय न्हवं? मेंढरू इसम हाय का, तेवडं साहेबास्नी विचारून या." फौजदार खरोखर विचारायला आत आले. साहेबांनी कायद्याचं पुस्तक काढलं. तासभर मेंढरं कचेरीच्या आवारातलं गवत खात होती, साहेब पानं उलटत होते आणि बाजार हसत होता. मीही हसलो, खाली मान घालून.

हसू फार टिकलं नाही. दाखल्याची गोष्ट बाहेर फुटली कशी, याची चौकशी करायला वरचे अधिकारी आले. आतल्या माणसाचं नाव निघालं तर त्याची नोकरी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी नाव सांगितलं तर दवंडीचं काम परत द्यायचं, नाहीतर बाजारात कायमची तोंडबंदी, असं साहेबांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं. जबाब लिहून घ्यायला मला बसवलं होतं. माझ्यापासून हातभर अंतरावर बाबा उभे होते. ज्यांच्या पोटात धोतराचा सोगा राहिला नव्हता, त्यांना अधिकाऱ्यांनी तीनदा विचारलं. बाबा म्हणाले, "लिवा भाऊसाहेब. मला कुणी सांगितलं न्हाई. वढ्यात उभा राहिलो, पानी पायाला लागलं, तवा समजलं." आणि मी ते लिहिलं. खाली त्यांचा अंगठा घेतला. शाई जास्त लागली म्हणून टिपकागदसुद्धा मीच दाबला. घरी दोन लहान मुली होत्या, आई आजारी होती, ही कारणं खरी आहेत. पण उठून उभं राहायला त्या कारणांनी मला अडवलं नव्हतं. मी उठलो नाही, इतकंच.

चौकशीचे अधिकारी मात्र परतताना वाट वाकडी करून ओढ्यावर गेले, आणि त्यांनाही चपला काढाव्या लागल्या. दुसऱ्या पावसाळ्याआधी साकव उभा राहिला. बाबांची तोंडबंदी उठली नाही. ते पुन्हा मेंढरांमागे गेले. पुढे एकदा कापूरहोळला एसटीची वाट बघताना ते भेटले, तेव्हा मी धीर करून म्हणालो, की त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. ते एवढ्या मोठ्याने हसले, की शेजारच्या गॅरेजवाल्याचा पाना थांबला. "खुळं हाय का काय तुमी," ते म्हणाले, "तुमी घरी बसला असता तर आतलं पुन्यांदा कुनी सांगितलं असतं?"

मी त्यानंतर कधीही, कुणालाही, आतलं काही सांगितलं नाही. माझी बदली होईपर्यंत बाबा मात्र बाजाराच्या दिवशी खिडकीवरून जात. बरं हाय का भाऊसाहेब, म्हणत, आणि उत्तर मिळाल्यावरही पळभर उभे राहत. मी कागदाकडे बघत राही. मग ते मान हलवून, जराही न रागावता, पुढे जात. माझी नोकरी त्यांनी राखली, तिच्यावर मुलींची लग्नं झाली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहेच. पण ते त्या खिडकीशी पळभर थांबत, त्याबद्दल जास्त. माझ्याकडून खरं काही ऐकायला मिळेल, असं माझ्या उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाला वाटलेलं नाही.