माझ्या विहीणबाईंनी पाहिलेला बास्केटबॉलचा हंगाम

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून बास्केटबॉल कळणारी म्हातारी एकच आहे, आणि ती माझी विहीण आहे. माझ्या लेकीची सासू. शाळेत ती एक दिवसही गेली नाही. मी निदान चौथी पास आहे. तरी या खेळातलं तिला जेवढं कळतं तेवढं मला सात जन्मांत कळायचं नाही. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. स्वतःबद्दल तिचं मत आधीच फार चांगलं आहे.

आमची नात आरती बारामतीच्या कॉलेजात असताना या खेळाला लागली. पोरगी अर्ध्या चड्डीत काय धावते ते बघते आणि बखोट धरून घरी आणते, असं त्यांच्या गावात, अंथुर्ण्यात, चार घरी सांगून विहीणबाई मैदानावर गेल्या. संध्याकाळी एकट्याच परत आल्या आणि लेकाला म्हणाल्या, "चड्डीचं सोड. त्या पोरीला दूध वाढव." त्या दिवसापासून बारामतीला बाजाराला, दवाखान्याला, कशालाही गेल्या तरी त्यांची पिशवी आधी मैदानाच्या कठड्यावर टेकायची.

तिची माणूस ओळखायची रीतच निराळी आहे. चेहरा ती बघत नाही, चाल बघते. तरुणपणी सासऱ्याच्या मेंढरांमागं ती दरसाल दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायची. कोणतं मेंढरू लंगडणार हे ते लंगडायच्या आदल्या दिवशी सांगायची, असं आमचे व्याही सांगत. पुढं मेंढरं गेली, डाळिंबाची बाग आली, दारात दोन शेळ्या उरल्या. पण ती नजर रिकामी बसायला तयार नव्हती, ती माणसांच्या पायांवर हिंडायला लागली. लग्नकार्यात लांबचा पाहुणा मांडवाच्या पार टोकाला दिसला की ही सांगते, "त्यो बगा, लोणीचा भाऊसाहेब आला." तोच भाऊसाहेब जवळ येऊन पाया पडला की विचारते, "तुमी कोण वो?"

बायकांची पगारी लीग सुरू झाली आणि आरतीची तिच्यात निवड झाली, त्या वर्षी मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लोणी भापकरहून अंथुर्ण्याला लेकीकडे आले होते. लेकीच्या सासरी चार दिवसांच्या वर राहू नये हे मला कळतं. पण आधी एक डोळा, मग दुसरा, असं करत मी अख्खा हंगाम तिथं काढला. डॉक्टरांनी मोबाईलकडे टक लावून बघायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्यामुळे सामने मी बघितले नाहीत, विहीणबाईंच्या तोंडून ऐकले. सामना बहुतेक संध्याकाळी पाचला. बाजेवर मांडी घालून ही बसायची, पुढं पितळी तांब्याला मोबाईल टेकवलेला, आणि तोंड सुरू. "सोडली! मोकळी सोडली त्या बारा नंबरला! आगं, वाट आडव तिची, वाट! आता घुसली बग. घुसली म्हंजे काय, पालाबी ठेवनार न्हाय." मोबाईलमधला माणूस इंग्रजीत काही बोलत असायचा. त्याला ती म्हणायची, "तू गप रं, तुला काय दिसतंय तितनं?" दूध न्यायला येणारा गाडीवाला पहिल्या दिवशी दारातून हाका मारून दमला. नंतर शहाणा झाला. किटली खाली ठेवून तो हळूच विचारायचा, "आत्या, मध्यंतर झालं का?" नसलं झालं तर तोही बाजेच्या मागं उभा राहायचा. पुढच्या वाडीचं दूध उशिरा जायला लागलं आणि तिथल्या बायका आमच्या नावानं बोटं मोडायला लागल्या.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, तिच्यात आपलं-परकं नव्हतं. लाल कपड्यांच्या संघात एक ताडमाड पोरगी होती, तिच्यावर हिचा फार जीव. आरतीला ढकलून ती बॉल जाळीत टाकायची आणि ही मांडीवर थाप मारायची, "झकास! काय उडती पोर!" मी एकदा चिडले. म्हटलं, "अहो विहीणबाई, नात आपली त्या बाजूला आहे." तर म्हणाली, "नात आपली हाय, डोळं कुनाचंच न्हायती. चांगलं दिसलं तर चांगलंच म्हननार."

आरतीचा संघ शेवटच्या चारांत गेला. गावात पेढे झाले. ज्या सामन्यात हे ठरलं, त्यात आरती सगळ्यांत भारी खेळली, असं दूधवालाही म्हणाला. पण बाजेवर कधी नव्हे ती शांतता होती. मी विचारलं, "काय हो, तोंड का शिवलं?" ती म्हणाली, "पोरगी डावा पाय चोरती."

सामना संपल्यावर तिनं सुनेला व्हिडिओ कॉल लावायला लावला. "आरते, पाय दुखतोय का?"

"नाही आज्जे."

"चालून दाखव."

हॉटेलच्या बोळात पोरगी सरळ चालली, मागं वळली, पुन्हा चालली. मैत्रिणीनं मोबाईल धरला होता, ती हसत होती.

"आता पायऱ्या उतरून दाखव."

"पायऱ्या कुठल्या? इथं लिफ्ट आहे, आज्जे."

"लिफ्ट हाय तितं जिना आसतोय. मला शिकवू नगं. उतर."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, उचलला नाही.

घरात मग वाद झाला. लेक म्हणाला, "आये, त्यांच्याकडं मोठमोठं डॉक्टर हायत. तू मेंढरांची डॉक्टर." मीही तोंड घातलं. म्हटलं, "विहीणबाई, तीन दिवसांवर सामना आलाय. तुम्ही काही बोललात आणि पोरीला बसवलं, तर पुढल्या साली तिला कोण विचारणार? जरा कळ सोसेल ती. गप बसा." ती उठून शेळ्यांना पाला टाकायला गेली. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी माझे डोळे दाखवायला बारामतीला जायचं होतं. एसटीत ही माझ्या शेजारी येऊन बसली. दवाखाना झाल्यावर मला हाताला धरून थेट कॉलेजच्या मैदानावर घेऊन गेली. आरतीला पहिल्यापासून शिकवणाऱ्या मॅडम तिथं होत्या. विहीणबाई म्हणाल्या, "मॅडम, बगा." आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईनं चपला काढल्या, नऊवारीचा काष्टा आवळला, पदर खोचला आणि सिमेंटवर उडी मारली. उजवा पाय टेकला, डावा त्याच्या मागून, जरासा उशिरा. सराव करणाऱ्या पोरी खो खो हसल्या. मॅडमही हसल्या. ही पुन्हा उडाली, पुन्हा तशीच टेकली. म्हणाली, "मेंढरू चढनीला कळू देत न्हाय. उतरनीला कळतंय. ही पोर उडताना चांगली हाय, उतरताना न्हाय." तिसऱ्या उडीला मॅडमचं हसू गेलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि आरतीच्या संघाच्या कोचना लावला.

त्याच दिवशी आरतीचा गुडघा मशिनीत घालून तपासला. आतली दोरी अर्धी तुटली होती. आणखी एक सामना खेळली असती तर पूर्ण तुटली असती आणि मग खेळ कायमचाच सुटला असता, असं डॉक्टर म्हणाले. गुडघा दुखतोय हे पोरीला आधीपासून ठाऊक होतं. रोज बर्फ लावून ती गप्प बसली होती.

आरतीला बाकावर बसवून तिचा संघ खेळला आणि थोडक्यात हरला. गावातला एक जण दारात येऊन म्हणाला, "आत्या, तुमच्यामुळं हरलं बगा." ही म्हणाली, "व्हय, माझ्यामुळंच हरलं. बस, च्या टाकती."

आरती घरी आली ती गुडघ्याला पट्टा बांधून. माझ्याशी बोलायची, आईशी बोलायची, शेळ्यांशीसुद्धा बोलायची, आज्जीशी नाही. आज्जीनं ताट वाढलं तर जेवायची, पण मान वर करायची नाही. पंधरा दिवस असे गेले. विहीणबाई समजूत घालायला गेली नाही, रडलीही नाही. तिच्या जागी मी असते तर एखादं गोड बोलून मोकळी झाले असते.

डॉक्टरांनी पोरीला रोज थोडं चालायला सांगितलं होतं. सकाळी ती कालव्याच्या कडेनं जायची. तिच्या मागं वीस पावलांवर आज्जी, आणि आज्जीच्या मागं, काही काम नसल्यामुळे, मी. कुणी कुणाशी बोलायचं नाही. अशी ती वरात रोज जायची आणि परत यायची.

एका सकाळी पुलाजवळचा उतार आला. आरती पहिल्यांदाच तो उतरली. खाली पोचून थांबली. मागं न बघताच तिनं विचारलं, "कसा पडतोय?"

विहीणबाई उताराच्या वर उभी होती. म्हणाली, "आजून चोरतीस."

"किती?"

"थोडा. पुन्यांदा चढ आनि उतर."

पोरगी पुन्हा चढली आणि पुन्हा उतरली. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सरळ पडतोय गं बाई, अगदी सरळ. म्हणूनच ती मला विचारत नव्हती.