तात्यांची थ्री फेज

आज तात्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना.

गोदावरीच्या घाटावर आम्ही म्हातारे पायऱ्यांवर बसून, बाकीचे उभे. कावळा झाडावर, पिंडाकडे चक्क पाठ करून.

थोरला हात जोडून म्हणाला, "तात्या, आईला सांभाळू."

कावळा ढिम्म.

सून म्हणाली, "तुमची टॉकीजातली खुर्ची भंगारात द्यायची न्हाई, शब्द देते."

तरी ढिम्म.

ज्यांनी तात्यांना पाहिलं नाही, त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. नव्वदच्या दशकात.

पुणतांब्यात तात्यांचं टॉकीज होतं. पत्र्याचं, लाकडी बाकांचं. प्रोजेक्टरच्या झोतात धूळ तरंगायची. शाळेत पाठ केलेल्या कविता माझ्या अंगात अजून भिनलेल्या, त्यामुळे मी एकदा भारावून म्हणालो, "तात्या, ही तर आकाशगंगा!"

"मास्तर, ती पत्र्याची धूळ हाय. तोंड मिटा, न्हाईतर खोकला व्हईल."

मी मास्तर कधीच नव्हतो. सोसायटीत कारकून होतो. पण कविता म्हणणारा तो मास्तर, असा तात्यांचा कायदा.

टॉकीजला गिऱ्हाईक शेतकऱ्यांचं, आणि शेतकऱ्याला सिनेमा बघायची चोरी. कारण वीज.

घरात दिव्यापुरती लाईट असायची. पण विहिरीवरची मोटर चालायला थ्री फेज लागायची, आणि ती रुसलेल्या नवरीसारखी यायची. कधी येईल नेम नाही. आली की पळायचं, नाहीतर ऊस वाळला.

तात्यांनी तोड काढली. दाराशी खुर्ची, खुर्चीवर तात्या, आणि डोक्यावर तीन बल्ब, एकेका फेजचा एक. तिन्ही पेटले की तात्या थेट अंधारात घुसून ओरडायचे,

"थ्री फेज आली रेऽऽ! पळाऽऽ!"

पडद्यावर नायिका शेवटचे श्वास मोजत असो, निम्मं टॉकीज चपला शोधत बाहेर.

मोटर लावून परतेपर्यंत शेवट आलेला असायचा; मधला राहिलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी, त्याच तिकिटावर. आमच्या गावातल्या कित्येकांनी आधी खलनायकाला मरताना पाहिलं आणि मग त्याने काय केलं होतं ते.

मग बंडूने गावात केबल टाकली.

बंडू म्हणजे लग्नाचं शूटिंग करणारा. नवा सिनेमा टॉकीजला लागला की आठवड्यात केबलवर दिसायचा. फुकट. बाकं ओस पडायला लागली. खुर्चीवर बसून तात्या रिकाम्या दाराकडे बघायचे. "मास्तर, या दिवाळीला कुलूप लावायचं बघा," म्हणाले. तेवढ्या एका दिवशी त्यांनी मला कविता म्हणू दिली.

आणि मग ती दुपार.

तात्या घरी भाकरी खात होते. मी समोर. दारात सात-आठ जण आले, घामाघूम, गुडघ्यापर्यंत चिखल.

"तात्या, खोटं कशापायी वरडला? पार मळ्यापतूर पळालो! मोटर हूं न्हाई का चूं न्हाई!"

"आरं, मी कुटं वरडलो? मी तर जेवतोय!"

"आमी या कानांनी ऐकलं!"

"कुटं हुता तुमी?"

एकजण चपलेचा चिखल काढायला लागला.

"घरी हुतो," शेवटी एक पुटपुटला. "टीव्ही म्होरं."

तात्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

आम्ही शेजारी जाऊन टीव्ही बघितला. सिनेमा तोच, पुन्हा लावलेला; टॉकीज आपलंच. बंडूने आपल्याच बाकावर बसून, पिशवीत कॅमेरा लपवून तो उतरवला होता. वर लग्नाच्या सवयीने नायिकेच्या मरणाला बदामाची चौकट आणि गुलाबाच्या पाकळ्या! आणि मधोमध, स्वच्छ, खणखणीत, तात्यांची आरोळी.

मी म्हणालो, "तात्या, हा पुरावा! चला पोलिसात."

तात्या हसायला लागले. ठसका लागेपर्यंत. "मास्तर, ऱ्हाऊ द्या. लावू द्या त्याला परत."

त्याने लावला. दोन दिवसांनी दुपारी तर तो चालू असतानाच खरीच थ्री फेज आली. तात्यांनी टॉकीजच्या दारात उभं राहून घसा फोडला. आणि घराघरातून उत्तर आलं,

"बसा रे, कॅशेट हाय ती!"

त्या दिवशी गावात पाणी मिळालं ते फक्त टॉकीजात बसलेल्या पाच जणांच्या उसाला.

पुढच्या खेळाला बाकावर जागा नव्हती. "डबड्यावर भरवसा न्हाई," म्हातारे म्हणायचे, "फेज खरी तर टॉकीजातलीच." त्या दिवाळीला कुलूप लागलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवाळ्या लागलं नाही.

तर, आज घाटावर.

गर्दीतून बंडू पुढे आला. आता टक्कल, हातात काठी. "तात्या, म्या चोरलं ते खरं. पन तुमचा आवाज तेवढा माझ्याकडंच ऱ्हायला," म्हणाला आणि मोबाईल वर धरला. आवाज जुन्या कॅसेटवरून नातवाने उतरवून दिलेला.

खरखर. कुणीतरी खोकलं. आणि मग,

"थ्री फेज आली रेऽऽ! पळाऽऽ!"

आम्ही सगळे म्हातारे गुडघे धरून ताडकन उठलो. एकाने तर चपला घातल्यासुद्धा. आता प्रत्येकाच्या मोटरला ऑटो स्टार्टर आहे, वीज आली की आपोआप चालू, तरी.

मग एकमेकांकडे बघून जे हसलो, जे हसलो, की डोळे पुसता पुसता पुरेवाट झाली.

पिंडाकडे बघितलं तर भात विस्कटलेला. कावळा कधी शिवून गेला, कुणीच पाहिलं नाही.

तात्या, तुम्ही जन्मभर दाराशी बसलात, सिनेमा कधी सलग बघितला नाहीत.

आता तिकडे आत जाऊन बसा. राहिलेला बघा.

तिकीट तेच चालेल.

तुमचा,
मास्तर